फिका पडलेला लाल

कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला गल्लीत सगळे मास्तर म्हणत. हात असा, की कोटाला भोक नेमकं कुठं पडलं होतं हे मालकालाही शोधून सापडू नये. बायको गेल्यापासून मात्र त्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती. सून ताट वाढून हाक मारायची. "ठेव झाकून, खातो नंतर," म्हणत मास्तर मशीनवर बसल्या बसल्या चहात बिस्किटं बुडवायचे. अशी वर्षं गेली.

एक दिवस एक गिऱ्हाईक बाई तणतणत आली. "मास्तर, लाल कोटाला तपकिरी दोरा?"

मास्तरांनी कोट डोळ्यांजवळ नेला. त्यांना दोन्ही रंग सारखेच मळकट दिसत होते. पण कबूल कसं करायचं? दोऱ्याची रिळं लावून ठेवायचं काम सुनेकडे होतं.

"हीच रिळं इकडची तिकडं करते! लक्ष कुठं असतं कोण जाणे!"

सून आतल्या दारातच उभी होती. तिनं लाल रीळ काढून त्यांच्या हातात दिलं आणि आत गेली.

पुढं समोरच्याचा चेहराही धूसर दिसायला लागला, तेव्हा तीच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण पुढं धरलं. "रंग कोणता?"

"मातकट," मास्तर म्हणाले.

रक्त तपासलं तर बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. "डोळ्यामागची नस उपाशी आहे तुमची," बाई म्हणाल्या. "आधी लालच फिका पडतो. जेवता काय तुम्ही?"

सून पटकन म्हणाली, "आमचंच लक्ष कमी पडलं, डॉक्टर."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिचं नाही हो," ते कसेबसे म्हणाले. "ती रोज वाढते. मीच..."

इंजेक्शनं, दूध, अंडी सुरू झाली. काही महिन्यांनी लाल पुन्हा लाल दिसू लागला. बारीक टाक्यांची नजर मात्र पुरती परत आली नाही. ती कोटवाली बाई आली, तेव्हा मास्तरांनी तिला थांबवलं. "त्या दिवशी चूक माझी होती. रिळं जागच्या जागी होती."

बाई केव्हाच विसरली होती. "जाऊ द्या हो!" हसत ती निघून गेली.

सुनेला समोर बसवून हेच सांगायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. ती बाहेर आली, की ते खाली वाकून मशीनला तेल घालायला लागत.