आक्काच्या हातचं पाणी

"पेन खाली ठेव आधी. आणि दोन्ही हातानं धर."

एवढं म्हणून आक्का पाण्याचा पेला पुढं करायची. तो अगदी काठोकाठ भरलेला असायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये असा पेला म्हणजे संकटच. बाकावर उत्तरपत्रिका, शाईनं लिहिलेली, आणि तिच्यावर हे पाणी. जरा हिंदकळलं की अर्ध्या तासाचा इतिहास वाहून जायचा. त्यामुळं पोरं नजर पाण्यावरून न हलवता, जपून घोट घोट प्यायची. या बाईला साधं पाणी वाढता येत नाही, असं माझं तेव्हा स्पष्ट मत होतं.

कर्नाटकाच्या हद्दीतल्या निपाणीत, आमच्या शाळेत ती झाडलोटीला होती. तंबाखूच्या वखारींच्या मागं बुद्धविहाराची गल्ली होती, तिथून ती सकाळी यायची. तिला नाव होतं, हजेरीपटात लिहिलेलंही असणार, पण आम्ही सगळे आक्काच म्हणायचो आणि नाव कुणी विचारलं नाही. आमच्या हेडमास्तरांनी एके वर्षी परीक्षेत पाणी वाढायचं काम तिच्याकडं दिलं. मुद्दाम दिलं, हे गावाला बरोबर कळलं. लगेच पुष्कळ पोरांच्या गळ्यात घरून आणलेल्या वॉटरबॅगा दिसू लागल्या. माझ्याही गळ्यात आईनं एक अडकवली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आक्काला मात्र ते न सांगता समजत होतं. वॉटरबॅगवाल्या बाकांपाशी ती न थांबता पुढं जायची.

ते माझं एस. एस. एल. सी.चं, म्हणजे दहावीचं वर्ष. सत्तरचं दशक निम्म्यावर आलं होतं. अभ्यास मी करत होते, पण सहामाहीनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. पेपरच्या दिवशी सकाळी खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. हॉलमध्ये शिरलं की तळहात ओले, कानात घूं असा आवाज, आणि प्रश्नपत्रिकेतल्या ओळी एकमेकींवर चढायच्या. आज त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत. आमच्या घरात त्याला नखरे म्हणायचे.

जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत मी कन्नडच्या पेपराला अशीच गोठून बसले. वॉटरबॅगमधलं पाणी पहिल्या पाच मिनिटांत संपवलं होतं. आक्का शेजारून पुढं गेली, दोन पावलांवर थांबली आणि परत आली.

"पेन ठेव खाली."

मी ठेवलं.

"दोन्ही हातानं धर. तळ दिसंस्तोवर पी. मग लिव्ह. कुठं पळून जातोय पेपर?"

मी प्याले. सांडू नये एवढीच काळजी डोक्यात राहिली. पेल्याचा तळ दिसला तेव्हा कानातला आवाज थांबला होता. तिनं पेला घेतला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "हुतंय गं असं. लई जणांस्नी हुतंय." घरात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी वॉटरबॅग दप्तरातच ठेवू लागले, आणि आईला सांगितलं नाही.

मार्चअखेर खरी परीक्षा आली. आमचीच शाळा केंद्र होती. पहिले तीन पेपर आक्काच्या पाण्यावर निभावले. चौथा गणिताचा. दुसऱ्याच गणिताला माझी बोटं आखडली. आक्का आली, वाकली, पेला माझ्या हातात दिला आणि नेहमीसारखं पुटपुटली, "तळ दिसंस्तोवर, हं." नेमके त्याच वेळी दारात तपासणीचे साहेब उभे होते. पेल्याच्या बुडाला चिठ्ठी चिकटवून पोरांना पुरवायची युक्ती त्या वर्षी कुठंतरी सापडली होती म्हणे. साहेब तरातरा आले, माझ्या हातातून पेला घेतला, पाणी खाली ओतलं आणि पेला उलटा करून बघितला. काही नव्हतं. मग शिक्षिकेला बोलावून माझे खिसे, वेणीचे पेड, कंपास सगळं तपासलं. तिथंही काही नव्हतं.

"ही तुला काय सांगत होती?" त्यांनी कन्नडात विचारलं.

मला कन्नड येत होतं. बाजारात मी घडघडा बोलायचे. उत्तर चार शब्दांचं होतं. पण माझ्या तोंडातून आवाजच निघेना. साहेबांनी दोनदा विचारलं. मी बाकाकडं बघत राहिले. बघणाऱ्याला ते चोरी पकडल्यासारखंच दिसलं असणार.

"पोर भ्यालंय, साहेब," आक्का म्हणाली. "तिला पेपर लिवू द्या. काय इचारायचं ते मला इचारा."

तिला बाहेर नेलं. मी पेपर लिहिला. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकते. पंधरा वर्षांची भ्यालेली पोर होते. पुढचं मात्र तसं नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला आणि वडिलांना बोलावलं. म्हणाले, "आक्का काय म्हणाली ते दोन ओळीत लिहून दे. मी वर पाठवतो." वडील म्हणाले, "अजून दोन पेपर आहेत, सर. आमचं नाव कागदावर नको." हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी वडिलांच्या मागं सरकले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

तिच्या हातचं पाणी ज्यांना आधीपासून खुपत होतं त्यांना आयतं निमित्त मिळालं. आक्काचं पाणी बंद झालं. उरलेल्या पेपरांना दुसराच शिपाई बादली घेऊन फिरला. ती मैदान आणि संडास झाडायला गेली ती कायमची.

जूनमध्ये गुणपत्रिका आणायला गेले तेव्हा ती फाटकापाशी झाडत होती. मला बघून थांबली. "सुटलीस न्हवं?" मी पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगितलं. तिनं खराटा काखेत धरून दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. त्या पेल्याबद्दल मात्र तेव्हाही मी बोलले नाही. मग मी बेळगावला कॉलेजात गेले, तिथंच शिक्षिका झाले, आणि निपाणी सणासुदीपुरती उरली.

असं माणूस सोयीनं विसरतं, तुम्हालाही अनुभव असेल. चौदा वर्षांनी मी परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला असताना एक मुलगी माझ्यासमोर तशीच गोठली. मी काही न ठरवता पेला काठोकाठ भरला आणि तिच्या दोन्ही हातांत दिला. ती पाण्याकडं बघत पिऊ लागली, तिचा श्वास खाली बसला, आणि आक्का पेला एवढा का भरायची ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. न शिकलेल्या त्या बाईनं हे कशावरून ओळखलं असेल, देव जाणे.

पुढच्या रविवारी मी निपाणीला गेले. गल्लीत घर विचारत पोचले. दार तिच्या मुलानं उघडलं. तो बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर होता, सुट्टीला आलेला. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी आक्काचा फोटो होता आणि त्याला हार होता. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

परत फिरावंसं वाटलं. पण या वेळी मी बोलले. पेला, साहेब, हेडमास्तरांच्या दोन ओळी, वडिलांच्या मागं सरकलेली मी, सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे चिठ्ठी नव्हतीच?"

"नव्हती."

"आई तेच म्हणायची. पयल्यांदा म्हणायची, मग गप बसली." तो फोटोकडं न बघता बोलत होता. "त्यानंतर दोन वर्सांनी मी दहावीला त्याच शाळंत होतो, बाई. डब्याच्या सुट्टीत पोरं माझा पेला उलटा करून बघायची आणि हसायची. घरी येऊन मी तिच्यावर राग काढायचो. मला वाटायचं, दिली असंल तिनं कुणाला तरी. पोरांची दया लई यायची तिला. ती जाईस्तोवर मला तसंच वाटत हुतं."

मी म्हणाले, "मी तिची माफी मागायला आले होते."

"तिला माफीचं काय? तिला खरं ठाऊकच हुतं," तो म्हणाला. "ते मला पायजे हुतं. ती असताना."

आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. त्यानं तिला तिथंच थांबवलं, खाली बसवलं आणि मला म्हणाला, "पुन्हा एकदा सांगता काय, पयल्यापासनं?"

मी पहिल्यापासून सांगितलं.