थॉर्नटनांचं मूळ गाव

बापू थॉर्नटन गेल्याचं मला पोलादपूरच्या बाजारात, भाजी घेताना कळलं. कुडपणचा एक ओळखीचा गृहस्थ समोरून आला, "सर, बापू गेलं पहाटं," एवढंच म्हणाला आणि एसटी गाठायला पळाला. याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. बापूंबद्दल लिहायचं तर आधी माझी एक लबाडी सांगावी लागते...

हो, थॉर्नटनच. कुडपणच्या माळावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या या माणसाचं आडनाव साहेबाचं होतं. त्यांचे पणजोबा आंबेनळीच्या वाटेने महाबळेश्वरला साहेबांच्या डोल्या वाहायचे. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे आपलं आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. कामावर नाव नोंदवताना कारकुनाने "कुणाचा माणूस?" असं विचारलं आणि ज्याची डोली ते वाहायचे त्या थॉर्नटनसाहेबाचंच नाव पुढे लिहून टाकलं. तेच सातबाऱ्यावर चढलं, शाळेच्या दाखल्यावर आलं. घरात सांगत आलेली हकीकत एवढीच. शाळेत पोरं बापूंना साहेबाची अवलाद म्हणून चिडवायची. चुलतभावांनी पुढे गॅझेटात नाव बदलून घेतलं, बापूंनी नाही. "पणज्यानं खांदं सोलून आणलेलं नाव हाय, टाकू कसं?" म्हणायचे.

नाव टाकायचं नव्हतं, पण एक सल होता. नवं धान्य घरात आलं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची त्यांच्याकडे रीत. कुलस्वामिनी, ग्रामदेवता आणि आडनाव ज्या गावचं त्या मूळ गावचा देव, सगळ्यांना हाक मारायची. बापू त्या मूळ गावापाशी येऊन दरवर्षी गप्प व्हायचे. ज्याला मूळ गावच नाही तो कुणाला हाक मारणार?

मी तेव्हा पोलादपूरला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. एका दुपारी ते शाळेत आले. "सर, ह्या नावाचं मूळ काय ते बघा की." मी पुस्तकं चाळली. थॉर्न म्हणजे काटा आणि टन म्हणजे कुंपणातली वस्ती. काटेरी झाडांमधली वाडी, आणि त्या वाडीवरून माणसांना पडलेलं आडनाव. बापूंचा चेहरा असा काही उजळला! "म्हंजी ते बी आपल्यासारखंच, गावावरनं!" आणि लगेच पुढचा प्रश्न... "कुठं हाय ते गाव?"

इंग्लंडात त्या नावाची गावं ढीगभर आहेत. आमच्याकडे तर साहेबाचं पहिलं नावदेखील नव्हतं. हे सरळ सांगायला हवं होतं, पण माहीत नाही म्हणायला मास्तराची जीभ रेटेना. मी भिंतीवरच्या नकाशात यॉर्कशायरवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे, इथे."

त्या वर्षापासून कुडपणच्या त्या घरात यॉर्कशायरच्या थॉर्नटन गावच्या देवाला हाक जाऊ लागली. "लेकरं लांब हायती, इसरू नको म्हाराजा." मला जेवायचं आमंत्रण ठरलेलं. दरवर्षी पंगतीत मी बापूंची नजर टाळत जेवायचो. शेवटची तीन-चार वर्षं मात्र बापू यॉर्कशायर गाळून "जिथं आसशील तिथल्या देवा" म्हणायला लागले होते. मला वाटलं, वय झालं, नाव आठवत नसेल. खोटं कशाला बोलू, मनातून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तेराव्याला गेलो तेव्हा माणसं पांगेपर्यंत ओटीवर बसून राहिलो. मग बापूंच्या पत्नीला म्हणालो, "वहिनी, ते गाव मी अंदाजानं दाखवलं होतं."

"ठावं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन-चार वर्सांमागं नातीनं मोबाईलवर दावली ना त्या नावाची समदी गावं. हे बघत बसलं. मग आमाला म्हनालं, सरांना कळू द्यायचं नाय हां. त्यांच्या जिवाला लागंल."

मी ओटीवरच रडलो. मला लाज वाटली आणि बापूंची इतकी माया आली की ती कुणाजवळ बोलू ते कळेना. वहिनींनी पाणी आणून दिलं. "यंदाचं गाऱ्हाणं तुमीच घाला, सर. पोरांना येत नाय," म्हणाल्या. मी हो म्हणालो.

नाचणी अजून शेतात उभी आहे. मी घरी रोज थोडं म्हणून बघतो, पण "म्हाराजा" म्हटलं की बापूंचाच आवाज हवासा वाटतो, आणि मग मला पुढे म्हणवत नाही.