दोन पुरचुंड्या आणि ओव्हनच्या जाळ्या

उदगीरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी सुटायच्या बेतात होती आणि अव्वा माझ्या बॅगेची चेन उघडून बसली होती. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून आई अव्वा आणि वडील अप्पा. शेंगदाण्याच्या चटणीशेजारी तिनं अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या कोंबल्या. एकीत मठातून आणलेली विभूती होती. प्रवासात गोळा फुटेल म्हणून तिनं ती आधीच कुटून चाळून ठेवलेली. दुसरीत आमच्या चुलीची राख, भांडी घासायला, तीही तशीच वस्त्रगाळ.

"एक गाठ कपाळाला, दोन गाठी भांड्याला. इसरू नको," ती म्हणाली.

"तिकडं राख न्हाई का काय?" अप्पा म्हणाले. "त्या जागी एक साडी तरी मावली आसती."

"आपल्या चुलीची न्हाई," अव्वा म्हणाली आणि चेन ओढून घेतली. गाडी हलली तेव्हा ती रडली नाही. पदरानं बॅगेवरची धूळ मात्र दोनदा पुसली होती, ते मला आजही दिसतं.

इंग्लंडच्या विमानतळावर एका साहेबानं दोन्ही पुरचुंड्या सोडायला लावल्या. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. राख, मी सांगितलं. आणि हे? हीपण राख. एक देवाची, एक भांड्यांची. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की वेड्यांची निराळी रांग असती तर त्यानं मला तिकडंच पाठवलं असतं. शेवटी सोडलं. माझा नवरा बसवराज घाईघाईत दोन्ही पुरचुंड्या बांधायला लागला आणि दोन्हींना त्यानं दोन-दोन गाठी मारल्या. घरी येऊन मी वास घेतला, चिमटीत घेऊन पाहिलं. जिचा वास मला जरा देवघरासारखा वाटला, ती डबीत भरली आणि पूजेपाशी ठेवली. दुसरी सिंकखाली गेली.

लीड्समधल्या आमच्या भाड्याच्या घरात ओव्हन आहे. सुरुवातीला आम्ही त्यात तवे आणि कढया ठेवायचो. मग एकदा वांग्याच्या भरताची फारच आठवण झाली. चूल नाही, निखारे नाहीत. मी वांगं तेल लावून थेट ओव्हनच्या जाळीवर ठेवलं. भरीत बरं झालं, पण वांगं फुटून त्याचा रस जाळीच्या गजांवर करपून चिकटला, आणि त्याच आठवड्यात घरमालकीण घर बघायला येणार होती. दुकानातून ओव्हन साफ करायच्या फेसाचा डबा आणला, तर खोकून खोकून दोघांचे डोळे लाल. तेव्हा सिंकखालची पुरचुंडी आठवली. अर्ध्या लिंबावर चिमूटभर राख घेतली आणि एकेक गज घासत गेले. जाळी अशी निघाली की घरमालकिणीनं ओव्हन नवा बसवला का, म्हणून विचारलं.

"भांड्यात तोंड दिसलं पायजे," हे अव्वाचं वाक्य. जेवणं झाली की ती मागच्या दारी बसायची. हातात नारळाच्या शेंडीचा चोथा, समोर राखेचं टमरेल. मला त्या राखेची लाज वाटायची. मैत्रिणींकडं पिवळी वडी होती, तारेची घासणी होती, आणि आमच्या हातांना मात्र धुराचा वास. इथं त्याच वासासाठी मी जाळी राखेनं घासायला लागले, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून आलात, ते कदाचित हसणार नाही. तुमच्याही कुठल्या तरी कप्प्यात असं काहीतरी असेल, ज्याला बाजारात किंमत नाही आणि जे संपू नये असं तुम्हाला वाटतं.

मग भावानं घर बांधायला काढलं. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "ताई, चूल काढून टाकली. धूर लई होत होता. तिथं आता फरशी बसवायलोय." मी म्हटलं, बरं केलंस. अव्वाचे डोळे धुरानं खराब होत चालले होते, हे मला ठाऊक होतं. फोन ठेवला आणि किचनच्या जमिनीवर बसून रडले. चुलीसाठी एवढं काय रडायचं, ते बसवराजला कळेना. त्यानं अव्वालाच फोन लावला, तर तिलाही कळेना. सिंकखालची अर्धी पुरचुंडी मी त्या दिवशी उचलून कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली. आमच्या चुलीचं एवढंच उरलं होतं.

तेव्हापासून जाळ्या सोड्यानं धुते. बाथटबला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली जुना टॉवेल, त्यावर जाळ्या, वर कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. सकाळी भिजवल्या की दुपारपर्यंत करप सुटतो. मग घासणं, खळबळून धुणं आणि कोरडं पुसणं. पुसल्यावर कडांना तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे आत सरकवताना किंचाळत नाहीत. काम चोख होतं. वास कसलाच येत नाही.

गेल्या रविवारी जाळ्या टबात होत्या आणि अव्वाचा व्हिडिओ कॉल आला.

"काय करायलीस गं? आन् ही खाट कशाला बुडवलीस पाण्यात?"

मी सांगितलं. आधी राखेनं घासल्यावर घरमालकिणीनं ओव्हन नवा का विचारलं होतं, तेही. मग ती म्हणाली, "राख संपली काय?" मी कपाटातून पुरचुंडी आणली आणि उघडून दाखवली. उरलीय, पण वापरवत नाही म्हटलं. अव्वा फोन नाकापाशी नेऊन बघत राहिली.

"एवढी पांढरी कशी गं? चुलीची राख काळपट आसती."

"इथला उजेडच तसाय, अव्वा."

"तळाला बोट घाल. बेलाचं पान लागतंय का बघ."

मी बोट घातलं. खाली काहीतरी चुरचुरलं. वाळून कडक झालेलं, तीन दळांचं पान हातात आलं. ते तिनं विभूतीत घातलं होतं, मला न सांगता, माझ्या रक्षणासाठी. म्हणजे सगळं उलटंच झालं होतं. मठातल्या विभूतीनं मी वांग्याचा करप घासला होता आणि रोज सकाळी लिंगपूजेला बसताना चुलीची राख कपाळाला लावत होते. अव्वा अशी, की आंघोळ केल्याशिवाय विभूतीच्या डबीला बोट लावत नाही. ती आता काय बोलेल, याची मला खरंच भीती वाटली.

तिनं फोन जरा लांब धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. अव्वा हसत होती, तोंडावर पदर धरून.

"तरीच म्हटलं, जाळ्या एवढ्या कशा चकाकत होत्या."

"अव्वा, पाप लागंल का गं?"

"कशाचं पाप? राखंनं राखंचं काम केलं." मग तिनं पदरानं डोळे पुसले, आणि हसणं थांबलं. "पर येडे, चूल मोडली म्हणून तू रडलीस त्या दिवशी. जावईबापूंनी सांगितलं मला. कशाला रडलीस? चूल तुझ्या कपाळावर हुती की."

मी बेलाचं पान तळहातावर ठेवलं. मग विचारलं, आता डबी बदलू का?

"न्हाई. हाय तीच लाव."

फोन ठेवला. जाळ्या बाहेर काढल्या, पुसल्या, कडांना तेल लावून आत सरकवल्या. बेलाचं पान पूजेच्या डबीत, चुलीच्या राखेवर ठेवलं. हात धुताना बेसिनवरच्या आरशात पाहिलं. सकाळी ओढलेली राखेची बोटं कपाळावर तशीच होती, आणि उजेडात नीट पाहिलं तर खरंच जराशी काळपट होती.