हप्ते चालू ठेवून विकलेलं घर

घर विकायचं हे ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. ते विकलं जाईपर्यंत कर्जाचे हप्ते भरत राहायचं की थांबवायचं, यावरून मात्र मी आणि नवरा महिनाभर एकमेकांशी धड बोललो नाही.

विरार पश्चिमेला आमचा छोटा फ्लॅट होता. नवरा वसईच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम बघायचा. मी शाळेच्या ऑफिसात. माझ्या पगारात घर आणि मुलीचं कॉलेज चालायचं, हप्ता त्याच्या पगारातून जायचा. कारखाना बंद पडला आणि तो पगार थांबला. हातात होते ते कारखान्याने हिशेब मिटवताना दिलेले पैसे.

फ्लॅट विकून मोकळं व्हायचं म्हटलं, तर तिथेही अडचण. आमच्या बिल्डिंगला राहण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला, म्हणजे ओसी, बिल्डरने कधी मिळवलाच नव्हता. त्यामुळे बँका आता तिथे नव्या माणसाला कर्ज देत नव्हत्या. रोख पैसे देणाराच घेणार, आणि तो भाव पाडून मागणार. सगळी किंमत बँकेत भरली तरी कर्ज पूर्ण फिटणार नव्हतं.

आमचा एजंट म्हणाला, हप्ते भरूच नका. काही महिने थकले की बँक स्वतः तडजोडीला येते, मिळेल त्यात खातं बंद करते. नवऱ्याला ते पटलं.

"जे घर आपलं राहणारच नाही, त्यात आणखी पैसे का ओतायचे?" तो मला म्हणाला. "उद्या भाड्याने राहायचं तर डिपॉझिट कुठून आणणार?"

त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मला भीती वाटायची. वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने असेच हप्ते थांबवले होते. तडजोड व्हायच्या आधी त्यांच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली, आणि जाता-येता सगळे ती वाचत. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं की थांबवायचे तर थांबवू, पण आधी बँकेला विचारून. तो नाखुशीनेच बरोबर आला.

बँकेतली अधिकारी आमच्यापेक्षा वयाने लहान होती. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं, एजंटचा सल्लासुद्धा. तिने ऐकून घेतलं. तडजोड होते, ती म्हणाली, पण होईपर्यंत व्याज आणि दंड चढत राहतो, आणि झाली तरी पूर्ण कर्ज फेडलं नाही ही नोंद तुमच्या नावावर बरीच वर्षं राहते. दुसरा एक रस्ता होता. बँकेच्या परवानगीने घर विकायचं, आलेली किंमत थेट कर्जात भरायची आणि उरलेल्या रकमेचं माझ्या पगारावर वेगळं, लहान कर्ज करायचं. तोवर मुदत वाढवून हप्ता थोडा कमी करता येईल का, ते ती बघणार होती.

"मी वचन देत नाही," ती म्हणाली. "पण ज्यांचे हप्ते चालू आहेत, त्यांच्यासाठी मला वर शब्द टाकता येतो."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. नवऱ्याने बिलाच्या मागे हिशेब मांडला. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत भरू. कारखान्याच्या पैशांतले निम्मे भाड्याच्या घरासाठी बाजूला ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. तोवर नाही विकलं गेलं तर थांबू." मी कबूल झाले. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा नीट बोलायला लागलो.

हप्ता थोडा उतरला. घर बघायला माणसं यायची, ओसीचं कळलं की परत फिरायची. शेवटी, दिवाळीच्या आधी, राजोडीच्या एक बाई आल्या. समुद्राजवळ पर्यटकांना खोल्या देत असत. त्यांची मुलगी विरारच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तिच्यासाठी घर हवं होतं. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला.

"बाय, पानी किती वेळ येतं?" त्यांनी विचारलं.

एजंटने बजावलं होतं की बयाणा हातात पडेपर्यंत ओसीचा विषय काढायचा नाही. पण मुलीसाठी घर बघणाऱ्या बाईपासून लपवणं मला जमेना. पाण्याचं सांगितलं, मग ओसी नसल्याचं, मग कर्जाचंही. एजंट मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता हा चिडणार असं वाटलं, तोच तो उठला, बाईंना बाथरूमच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "पावसाळ्यात इथे ओल येते. मी दोनदा दुरुस्त केलंय, पण येते."

बाई हसल्या. आणखी काय राहिलं असेल तर तेही सांगून टाका, म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा आम्ही आशा सोडली होती. पण पुढच्या आठवड्यात बाई मुलीला आणि जावयाला घेऊन आल्या, भावावरून बरीच घासाघीस केली आणि घर घेतलं. विक्रीला आणि लहान कर्जाला बँकेच्या वरच्या ऑफिसातून मंजुरी यायला मधे बरेच दिवस गेले. एका दुपारी अधिकारी मॅडमचाच फोन आला की काम झालं.

बाजूला ठेवलेल्या पैशांतून आम्ही जवळच्या वटार गावात, एका बागायतदाराच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान लावून होतंय तोवर घरमालकांच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. केळी सुकायला लागली होती. नवऱ्याने ती उघडून त्याच दिवशी चालू करून दिली. मग शेजारच्या वाडीतून बोलावणं आलं, मग त्यापलीकडच्या. पुन्हा कारखान्यात नोकरी शोधण्याचं त्याने हळूहळू सोडूनच दिलं.

लहान कर्जाचा हप्ता अजून माझ्या पगारातून जातो. यंदा नवऱ्याने मोटर दुरुस्तीसाठी गावाच्या नाक्यावर एक गाळा भाड्याने घेतलाय. गेल्या रविवारी आम्ही तिघांनी मिळून तो रंगवला. मला आणि मुलीला पिवळा रंग हवा होता. ग्रीसचे हात लागणार म्हणून त्याने राखाडीच आणला, आणि मुलीने दाराची चौकट तेवढी पिवळी करून घेतली.