ती तार वहिनींची नव्हती

ही गोष्ट मी वीस-बावीस वर्षं टाळत आलो. घरात विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो, नाहीतर पेपर तोंडापुढे धरायचो. परवा वहिनींच्या तेराव्यालाही तेच केलं. लातूरच्या घरी जेवणं उरकून पाहुणे बैठकीत टेकले होते. वहिनींचा फोटो खुर्चीवर ठेवलेला होता, कारण भिंतीत खिळा मारायला मोबाइलवरून बोलावलेला ड्रिलवाला आलाच नव्हता. त्यांचा मुलगा अविनाश पुण्याहून आलेल्या मित्रांना आईबद्दल सांगत होता. "आमची आई सगळं घरीच दुरुस्त करायची. स्टोव्ह, मिक्सर, स्कूटर. फक्त एकदा फ्यूजमध्ये हात घातला आणि घर पेटवलं." सगळे हसले. प्रेमानंच हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो... आणि नांदेडला परतताना एसटीच्या खिडकीशी बसल्यावर ते हसू माझं मलाच ऐकू येत राहिलं. म्हणून आता लिहितो आहे. फ्यूजमधली ती जाड तार चंद्रकलावहिनींनी घातली नव्हती. ती मी घातली होती.

वहिनी लातूरजवळच्या मुरुडच्या. वडलांना तीन मुली, मुलगा नाही आणि विहिरीवर एक जुनं ऑईल इंजिन. इंजिन बंद पडलं की हाताशी उभं राहायला थोरली चंद्रकलाच. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा सामानात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आईला वाटलं, दागिने असतील. उघडला तर पक्कड, दोन पाने, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिशपेपरचे तुकडे आणि चामड्याचे वॉशर. आई आठवडाभर गप्प होती. मग एक दिवस स्वयंपाकाच्या ऐन वेळी स्टोव्ह भडकला आणि वहिनींनी तो परातीत घेऊन पाच मिनिटांत निळ्या ज्योतीवर आणला. त्यानंतर आई शेजारणींना सांगू लागली, "आमची सून लई गुणाची हाय, स्टोव्हवाल्याला दारात उभं करायचं काम न्हाई."

मी तेव्हा नुकताच शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो होतो. दादा डाळ मिलमध्ये होता, सकाळी जायचा तो संध्याकाळी डोक्यावर पिवळी धूळ घेऊन यायचा. आम्हा दोघा भावांना साधा बल्ब नीट बसवता येत नव्हता आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. माझी स्कूटर सकाळी हटकून रुसायची. मी किका मारून घामाघूम झालो की वहिनी पदर खोचून बाहेर यायच्या, प्लग काढायच्या, घासायच्या, परत बसवायच्या. "मारा आता." एका किकेत चालू. गल्लीच्या तोंडाशी मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं रशीदभाईंचं. ते तिथूनच ओरडायचे, "भाभी, हमारे बच्चे क्या खायेंगे? मास्तरांची गाडी तरी दुकानावर येऊ द्या." वहिनी म्हणायच्या, "तुमी आधी माझ्या मिक्सरचं आर्मेचर द्या, दोन महिने झाले." दोघांचं असं चालायचं. पण अडलं की रशीदभाई त्यांना विचारायला येत आणि त्या रशीदभाईंना. वाइंडिंग म्हणजे तारेची वेटोळी कशी भरायची ते वहिनी त्यांच्याकडूनच शिकल्या.

भूकंप झाला तेव्हा आमच्या घराच्या भिंतींना भेगा पडल्या, एवढंच. औसा तालुक्यात वहिनींची मावशी होती, तिचं गाव मात्र उरलं नाही. मावशी वाचली, तिची माणसं गेली. मी आणि वहिनी स्कूटरवरून गेलो तेव्हा लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. बाहेरून मदत येत होती, त्यात नवे-जुने स्टोव्हही होते. निम्मे पेटत नव्हते. कुणाची पिन गायब, कुणाचा पंप हवाच धरत नव्हता. वहिनी मावशीजवळ थोडा वेळ बसल्या, मग उठून डबा घेतला आणि एका शेडच्या सावलीत पोतं अंथरलं. मला सांगितलं, "भावजी, हे वॉशर तेलात बुडवून ठेवा. मऊ झाले की द्या." संध्याकाळपर्यंत बायकांची रांग लागली होती. मावशी एका कोपऱ्यात, कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. तिची समजूत काढून सगळे थकले होते. वहिनींनी समजूत काढली नाही. एक स्टोव्ह तिच्यापुढे ठेवला, "धर ह्याला, मी निपल काढते, तू दाबून धर." मावशीनं धरला. मग दुसरा. चौथ्या का पाचव्या स्टोव्हला ती म्हणाली, "आगं, ह्याची पिन वाकडी हाय." तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. आम्ही त्यानंतर दर रविवारी गेलो. मी वॉशर तेलात भिजवले, दुसरं काही केलं नाही. पण त्या दिवसांतला मी मला आवडतो.

मग लातूर बदललं. कुठल्या कुठल्या गावांहून पोरं डॉक्टर, इंजिनिअर व्हायला येऊ लागली. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या, घराघरांवर खोल्या चढल्या. आम्हीही वर दोन खोल्या काढल्या आणि सहा पोरं ठेवली. पोरं हुशार होती, दिवसभर गणितं सोडवायची. पण सायकलची चेन पडली तर सायकल ढकलत घरी आणायची. वहिनी त्यांना अंगणात उभं करायच्या. "काडी घे, चेन दात्यावर ठेव, आता पायडल उलटं फिरव. हात काळं झाल्यानं मार्क कमी व्हत न्हाईत." पोरं हसायची, पण शिकायची. फ्यूज बदलायलाही शिकवलं होतं. वरच्या मजल्याचा फ्यूज जिन्याखाली होता. पोरं चोरून बादलीत पाणी तापवायचा रॉड लावत, कुणी कॉईलच्या शेगडीवर चहा करत, आणि फ्यूज जायचा. वहिनी केसासारखी बारीक तार लावायच्या. मी एकदा म्हणालो, "जरा जाड लावा की, रोजची कटकट." तर म्हणाल्या, "ही तार जळायसाठीच असती, भावजी. ही जळली न्हाई तर मंग भिंतीतली जळंल."

त्या मुरुडला वडलांच्या आजारपणात गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. दोन दिवसांत तीनदा फ्यूज गेला. पोरं क्लासला गेलेली असताना मी जिन्याखाली बसलो, डब्यातली बारीक तार शोधायचा कंटाळा केला आणि तांब्याच्या वायरीचा पीळ जसाच्या तसा फ्यूजमध्ये आवळला. फ्यूज परत गेला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. वहिनी परत आल्या, मी काही बोललो नाही. फ्यूज जातच नव्हता, मग जिन्याखाली बघायचं कारण त्यांनाही पडलं नाही. मी विसरून गेलो.

उन्हाळा लागता लागता, दुपारी, वरच्या खोलीतून धूर आला. शिरूर अनंतपाळकडचा माधव नावाचा पोरगा तापानं क्लासला गेला नव्हता. त्यानं रॉड लावला होता आणि शेगडीही. बोर्डामागची वायर तापून पेटली, खालची गादी पेटली. पोरगं घाबरून उजव्या हातानंच आग विझवायला गेलं. खोली वाचली, हात भाजला. बारावीची परीक्षा तोंडावर होती. त्या वर्षी त्याला पेपर देता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. वायरमनही आला होता. त्यानं जिन्याखालून फ्यूज ओढून काढला आणि तांब्याचा काळवंडलेला पीळ सगळ्यांना दाखवला. "हे कुणी भरलंय?" माधवचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजींचं घर हाय म्हणून पोरगं ठिवलं होतं हितं." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मग दादाकडे बघत, "लाईटीचं काम बाईमाणसाच्या हातनं करून घेता व्हय तुमी?" दादाची मान खाली गेली. ती वर आली ती वहिनींच्या दिशेनं.

वहिनींनी तो फ्यूज हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. "ही माझी तार न्हाई," त्या म्हणाल्या. "मी इतकी जाड तार घालतच न्हाई."

"मग काय भुतानं घातली?" दादा म्हणाला.

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास लागला असता. पण त्या माणसानं मला नुकतंच गुरुजी म्हटलं होतं... वहिनींनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं का, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मग त्यांनी फ्यूज जिन्यावर ठेवला, आत जाऊन साबणानं हात धुतले आणि चहा टाकला.

संध्याकाळी रशीदभाईंनी मला दुकानापाशी थांबवलं. "मास्तर, भाभी ऐसा तार डालती नहीं. मैं जानता हूँ उनका हात." मी म्हणालो, "कोण जाणे." ते वळून परत कामाला बसले. नंतर त्यांनी माझ्याशी थट्टा करणं सोडलं.

वहिनींनी डबा माळ्यावर टाकला. रुसवा नाही, त्रागा नाही. कुणी काही मोडलेलं घेऊन आलं की एवढंच म्हणायच्या, "मेकॅनिकला बोलवा." पोरांच्या सायकली परत ढकलत येऊ लागल्या. माझी स्कूटर गॅरेजला जाऊ लागली, पुढे विकली. मिक्सर बिघडला की नवा आला. न्हाणीतला नळ गळायला लागला, त्याखाली बादली लागली आणि वर्षानुवर्षं टपटप चालू राहिली. दादा वैतागायचा. वहिनी ते ऐकत भाजी निवडत बसायच्या. आता लोक म्हणतात, काळच बदलला, कुणाला वेळ आहे, एका फोनवर माणूस येतो. खरं आहे, सगळीकडे तसंच झालं. पण आमच्या घरात ते काळानं केलं नाही. अविनाशनं कधी पाना हातात धरला नाही, कारण तो चौथीत असताना त्याच्या आईचा डबा माळ्यावर गेला. आईच्या फोटोसाठी त्याला खिळा मारता आला नाही, त्यात त्याची चूक नाही.

दादाला सांगायचं राहिलं. तो गेला तेव्हा बायकोनं घर पेटवलं होतं असंच समजून गेला. माधव पुढच्या वर्षी पास झाला आणि कुठेतरी नोकरीला लागला, एवढं कळलं. त्याच्या वडलांना मी कधी भेटलो नाही. निवृत्तीनंतर मी लेकीकडे नांदेडला राहायला गेलो, हेही खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

यंदा वहिनी अंथरुणाला खिळल्याचं कळलं. सांगायचंच असं ठरवून मी लातूरला गेलो. दिवसभर त्यांच्याजवळ एक बाई असे, ती दुपारी घरी जेवायला गेली. घरात आम्ही दोघंच, आणि न्हाणीतला नळ. वहिनी छताकडे बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "भावजी, माळ्यावर डबा हाय. तेवढा नळ बघता का?"

मी स्टुलावर चढून डबा काढला. झाकण गंजलं होतं, आतली पक्कड मात्र तेल लावून कापडात गुंडाळलेली होती. त्या पलंगावरून सांगत गेल्या आणि मी न्हाणीत बसून करत गेलो. "आधी पाण्याचा मेन बंद करा. केला? आता पाना लावा. डाव्या अंगाला. जोर नका लावू, मोडंल." जुना वॉशर निघाला, झिजून कागदासारखा झालेला. डब्यात नवा सापडला. "आवळा. लई न्हाई. बस." सत्तरीकडे झुकलेल्या वयात मी पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त केलं होतं. ओले हात तसेच घेऊन मी पलंगाशी येऊन उभा राहिलो. एसटीत पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं.

"वहिनी, त्या वेळची ती तार..."

त्यांनी डोळे उघडले. "मेन चालू केला का?"

"नाही."

"आधी मेन चालू करा, भावजी. त्याबिगर कळायचं कसं, थांबला का न्हाई? मंग या, बोला."

मी मागच्या अंगणात जाऊन मेनचा कॉक फिरवला. पाईपमधून पाणी चढल्याचा आवाज आला. न्हाणीत जाऊन बघितलं. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि तिथंच राहिला. मी बराच वेळ बघत उभा राहिलो, नको तेवढा वेळ. परत आलो तेव्हा वहिनींचा डोळा लागला होता. खुर्ची ओढून बसलो. बाई आली, ऊन उतरलं, माझ्या गाडीची वेळ झाली. पुढच्या खेपेला सांगू म्हणून उठलो आणि डबा माळ्यावर न ठेवता त्यांच्या उशापाशी ठेवला.

पुढची खेप तेराव्याची होती. हात धुवायला न्हाणीत गेलो. नळ गळत नव्हता. डबा उशापाशीच होता, पलंग मात्र रिकामा. मी मेन चालू करून आलो होतो, वहिनी. मी त्या तारेचंच सांगायला येत होतो.