एक जूनचा माणूस

"ओटीपी आला का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय आला, मॅडम," बबनराव मोबाइलकडे बघत म्हणाले.

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायची मुदत संपत आलेली. माझ्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात बसायला जागा नव्हती, फोन थांबत नव्हता आणि पोर्टलवर गोल चक्र फिरत होतं. अशा दिवसांत मी माणसांशी धड बोलत नाही. घरचेही या महिन्यात मला टाळतात.

बबनरावांची हर्सूलला पिठाची गिरणी. आयुष्यात पहिल्यांदाच रिटर्न भरत होते, तेही मुलीसाठी. शीतलला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. फीची सवलत हवी तर उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखल्याच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं होतं, "धंदा आहे ना? मग रिटर्नची पोचपावती आणा." खिडकी पाचला बंद होणार होती. कॉलेजात कागद द्यायचा उद्या शेवटचा दिवस. सवलत नाही मिळाली तर हे कॉलेज सोडावं लागेल, हे बबनरावांनी आल्याआल्या सांगितलं होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

रिटर्न भरून झाला होता. पण भरणं वेगळं आणि व्हेरिफाय करणं वेगळं. व्हेरिफाय म्हणजे अर्जाखालची सही. ती केल्याशिवाय पोचपावती हातात पडत नाही. बहुतेक लोक ही सही आधारच्या ओटीपीने करतात. मी स्क्रीनवरची लाल ओळ नीट वाचली आणि माझाच मला राग आला. पॅन आधारला लिंकच नव्हतं. ओटीपी येणारच नव्हता.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. पॅनवर जन्मतारीख एक जून. आधारवर एकोणीस नोव्हेंबर. तारखा जुळल्याशिवाय लिंक होत नाही.

एक जून बघून मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे पन्नाशीपुढचा निम्मा गाव एक जूनलाच जन्मलेला असतो. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी ठोकून द्यायचे, एक जून. टी.सी.वर तीच, पुढे सगळीकडे तीच. नवल होतं ते नोव्हेंबरचं.

"ही कुठून आली?"

"खरी हाय ती," बबनराव एकदम ताठ बसले. "माय म्हणायची, तुरी फुलल्या तवा तू झाला. ही पोरगी लासूर स्टेशनकडं आमच्या गावाला गेली, ग्रामपंचायतीचं जुनं रजिस्टर काढाया लावलं. सापडलं नाव! मग हिनंच आधारवर बदलून आणलं. केक बी आणला व्हता."

शीतल त्यांच्या शेजारी खाली मान घालून बसली होती. कुठे अडलंय ते तिला कळलं होतं.

"मॅडम, परत एक जून करता येईल?" तिने विचारलं.

"आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. पॅनवर बदलू, पण त्याला दिवस लागतात."

तिचे डोळे भरले. त्याच वेळी बाहेरच्या क्लायंटने दार वाजवलं. मी त्याच्यावर विनाकारण खेकसले.

एक वाट होती. नेट बँकिंगमधून पोर्टलवर जाता येतं आणि तिथूनच व्हेरिफाय होतं. बबनरावांचं खातं होतं, डेबिट कार्ड होतं, नेट बँकिंग नव्हतं. मोबाइलवर सुरू करायला घेतलं. खाते नंबर, कार्ड नंबर, जन्मतारीख.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी एकोणीस नोव्हेंबर टाकली. चूक.

"थांबा! तीनदा चुकलं की उद्यापर्यंत बंद होतं. बँकेत नवं आधार दिलं होतं का?"

"ध्यानात नाय. पण मॅडम, आता खोटी कशी टाकू? इतक्या वर्सांनी खरी गावली."

"पप्पा," शीतल म्हणाली, "एक जून टाका."

"तूच आणली ना ती?"

"मीच म्हणतीय. टाका."

त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने पॅनवर बघून आकडे टाकले. पान उघडलं.

पावणेचारला पोचपावती प्रिंटरमधून बाहेर आली. दोघं स्कूटरवरून गेले. पाचला पाच कमी असताना शीतलचा फोन आला, "दाखल्याचा अर्ज घेतला, सकाळी मिळेल." मिळालाही. कॉलेज वाचलं.

पॅन दुरुस्त झालं तेव्हा नवं कार्ड दाखवायला बबनराव पेढे घेऊन आले. सीझन संपला होता, म्हणून मी चहा पाजला.

तेव्हापासून नव्या क्लायंटच्या फॉर्मवर मी जन्मतारखेचे दोन रकाने ठेवलेत. वर 'कागदावरची', खाली 'खरी'. खालचा मला कधीच लागत नाही. लोक मात्र आधी तोच भरतात.