उलटी लव

माझा साडू खुर्च्या-कोचांना कापड चढवायचा. पण बायकोच्या तोंडून ऐकलं असतंत तर तुम्हाला तो वैद्य, वकील आणि न्यायाधीश एकदमच वाटला असता. "दाजींनी केलेली खुर्ची दहा वर्षांत कुरकुरली नाही," ती म्हणायची.

"मी तरी कुठे कुरकुरतो?"

"तुम्ही तेवढंच करता!"

झालं. मेव्हणीच्या नवऱ्यासमोर माझी ही किंमत. तो होताही मेला गोड माणूस, त्यामुळे मनसोक्त शिव्याही घालता येत नसत.

मी निवृत्त डॉक्टरीणबाईंच्या घरी कामाला होतो. त्यांच्या दिवाणखान्यात वडिलांच्या हौसेचं, शंभरी गाठलेलं पूलचं टेबल होतं. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "पूलचं टेबल रोज झाडायचं." मी गावच्या शाळेत शिकलेला. विचारलं, "पूल आहे, मग नदी कुठल्या बाजूला?" बाई इतक्या हसल्या की नोकरी तिथेच पक्की झाली.

तेव्हापासून बावीस वर्षं त्या हिरव्या लोकरी कापडावर ब्रश माझाच. त्या कापडाला मांजराच्या पाठीसारखी लव असते. एकाच दिशेनं गोंजारायची, खिडकीकडून दाराकडे. उलटा हात फिरला की लव उभी राहते आणि खेळणाऱ्यानं काठीनं ढकललेला चेंडू वाकडा पळतो. टेबल बाईंचं असेल, कापड माझं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि कापड विरल्यावर बाई म्हणतात काय, "नवं निवडायला तुमच्या साडूंना बोलवा. त्यांना कळतं."

त्यांना कळतं! मग मी काय बावीस वर्षं म्हैस धूत होतो?

मीही हट्टाला पेटलो. कापडवाल्याकडून माझ्या पसंतीचा एक तुकडा आणला, छान उजळ हिरवा. साडू त्याचा तुकडा घेऊन आला. त्यानं डोळे मिटले आणि आधी आपल्या तुकड्यावर, मग माझ्या तुकड्यावर गाल घासला.

"हे काय, झोपताय का?" मी म्हटलं.

"लव बघतोय, साडूराव. बोटं राठ झाली, गालाला अजून कळतं." मग दोन्ही तुकड्यांच्या पाठीवर त्यानं खडूनं बाण काढले आणि दोन्ही बाण दाराकडे करून तुकडे टेबलावर मांडले. "बाण बदलला की रंग बदलतो. दोन्ही एकाच दिशेला हवेत," असं सांगून तो हात धुवायला गेला.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा तुकडा सरळ उलटा फिरवून ठेवला. काय सांगू! झळझळीत हिरवा होता तो क्षणात भिजल्या शेवाळासारखा काळपट दिसायला लागला. शेजारी माझा कसा उठून दिसत होता! मला तर शीळ घालावीशी वाटली. आज घरी गेल्यावर बायकोला काय काय ऐकवायचं तेही मी जुळवून ठेवलं.

बाई आल्या. माझ्या तुकड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या काळपट तुकड्यापाशी थबकल्या. साडू हात पुसत आला, तेव्हा म्हणाल्या, "टेबलाची ही कडेची पट्टी जरा काढता?"

साडूनं स्क्रू सैल करून लाकडी पट्टी उचलली. खाली बोटभर जुनं कापड निघालं, कधी ऊन न लागलेलं. गडद हिरवं. त्या तुकड्यासारखं हुबेहूब.

"बाबा खेळायचे तेव्हाचा रंग," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. "कसं ओळखलंत हो तुम्ही?"

साडूनं तुकडा उचलला. पाठीवरचा बाण पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"मी नाही ओळखलं, बाई. मी तर सुलटा मांडला होता. फिरवला तो ह्यांनी. रोजचा हात ह्यांचा, नजरही ह्यांचीच."

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. साडू ब्रश द्यायच्या निमित्तानं जवळ आला आणि कानात पुटपुटला, "फिरवलात, साडूराव, पण झकास फिरवलात!"

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आयुष्यात पहिल्यांदा बायको माझं कौतुक करत होती, पण शेवट काय केला? "दाजींनी सांगितलं म्हणून कळलं हो. दुसरा असता तर सगळं श्रेय स्वतःच लाटलं असतं!"

कापड त्याच दिशेनं ताणलं. त्यामुळे आता ब्रश दाराकडून खिडकीकडे. बावीस वर्षांच्या सवयीनं मी अजून खिडकीशी जाऊन उभा राहतो, जीभ चावतो आणि टेबलाला वळसा घालून दाराशी येतो. त्या वळशात रोज एकदा साडू आठवतो, आणि रोज माझं पोट दुखतं.